हॉलमध्ये वादळ

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. आमच्या धाकट्या जावेनं हॉलमध्ये वादळ लावलंय. चांगलं पाच फुटी. सोफ्याच्या बरोब्बर वर. जिथे इतकी वर्षं तिच्या लग्नाचा फोटो होता, गळ्यात मोगऱ्याचे हार, शेजारी आमचे दीर घामाघूम, तिथे आता हिरवीगार लाट उभी आहे आणि तिच्यापुढे मोडक्या डोलकाठीला बिलगलेली माणसं ‘वाचवा, वाचवा’ करतायत. चहाला आलेला पाहुणा नेमका त्यांच्या खाली बसतो. बिस्कीट बुडवताना एकाचा हात थरथरलेला मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय. अर्धं बिस्कीट बुडालं ते बुडालंच.

बरं, हे कुठे? मुंबईला नाही, गोव्याला नाही. नंजनगूडला! म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटर, चहूकडे उसाचे मळे, भाताची खाचरं आणि नारळ. समुद्र बघायचा तर घाट उतरून केरळात जायला हवं. गावाचं नाव झालं ते श्रीकंठेश्वराच्या देवळामुळे, रसबाळे केळ्यामुळे आणि त्या गुलाबी दंतमंजनामुळे. लाटेशी आमचा संबंध काय? तर केसांना लाटा पाडायच्या क्लिपा, तेवढाच.

एकट्या जावेचं खूळ असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण साथ आलीय हो. समोरच्यांच्या मुलीच्या मोबाइलच्या पाठीवर जपानी लाट, होकुसाईची, पंजे काढून अंगावर धावणारी. कोपऱ्यावरच्या शिकवणीच्या सरांच्या डीपीवर एक कोटवाला गृहस्थ खडकावर काठी टेकून, जगाकडे पाठ फिरवून उभा. मी आधी समजले सरच आहेत, उटीला गेलेले. म्हटलं, सर बारीक झालात! मग कळलं तो जर्मनीचा आहे, दोनशे वर्षांपूर्वीचा. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश ह्या चित्रकारानं १८१८ च्या सुमारास काढलेला. खाली धुक्याचा समुद्र पसरलाय आणि हा आपला बघतोय. खरा चेहरा कुणी पाहिलेला नाही. म्हणूनच बहुधा ज्याला त्याला तो आपला वाटतो.

जावेला विचारलं, बाई गं, हे काय? तर म्हणाली, “ताई, रोमँटिक पेंटिंग आहे.” आत चहा गाळणाऱ्या अत्तेंनी ते ऐकलं. (सासूबाईंना आम्ही अत्ते म्हणतो. पाच पिढ्या म्हैसूर मुलखात काढलेलं मराठी घर, जिभेवर निम्मी कानडी.) गाळणी हातात घेऊनच त्या बाहेर आल्या, चष्मा लावून चित्र खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, “रोमँटिक? ह्यात नवरा-बायको कुठायत?”

जावेनं समजावलं. रोमँटिक म्हणजे ते नव्हे, मराठीच्या पुस्तकांत ह्याला स्वच्छंदतावाद म्हणतात. ‘स्वच्छंद’ ऐकून अत्तेंचा संशय दुप्पट झाला.

त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. एक तर बुडत्या जहाजाचं चित्र घरात लावू नये, हे वास्तूवाल्यांच्या कुठल्याही पुस्तकात असतं. दुसरं कारण मोठं. आमच्या देवाचं नाव नंजुंडेश्वर. नंजु म्हणजे विष, आणि उंड म्हणजे ते ज्यानं खाल्लं तो. देव-दानवांनी समुद्र घुसळला, हलाहल वर आलं, सगळे पळत सुटले आणि ह्यानं ते गिळलं. सगळं गाव त्या एका घोटावर वसलेलं. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे इथल्या पूजेनं बरे झाले म्हणून टिपूनं ह्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटलं आणि पाचूचं लिंग वाहिलं, असं सांगतात. अशा वैद्याच्या गावात राहून अत्ते विचारत होत्या, “ज्यातून ते विष निघालं तेच पैसे मोजून घरात आणायचं? आणि तेही ऑनलाइन?”

मी काही बोलले नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्या लहानपणी कुणाच्या भिंतीवर समुद्र नव्हता, तो दारातच होता. पावसाळ्यात होड्या वाळूत वर ओढून माडाच्या झापांनी झाकून ठेवलेल्या असत. रात्री गाज घराच्या जोत्यातून आत यायची, अंथरुणात पाठीला जाणवायची. आई नुसतं म्हणायची, “खवळलो हा,” आणि कंदिलाची वात खाली करायची. त्याच्याकडे टक लावून बघत बसायचं असतं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा, हात जोडायचे, बास. शेजारच्या घरातला एक माणूस परत आला नव्हता. त्या घरात भिंतीवर कॅलेंडर होतं, लक्ष्मीचं.

असो. मग जाऊबाईंनी मला मोबाइलवर एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली आणि काय सांगू, चित्रं बाजूलाच राहिली. ती काढणारी माणसं काय एकेक नग!

हा टर्नर बघा. इंग्रज, १७७५ चा जन्म. सगळ्या विलायतेत नाव, अकादमीत मान, आणि म्हातारपणी चेल्सीत थेम्सकाठी एका बाईंच्या घरी खोटं नाव घेऊन राहायचा. बाई मार्गेट ह्या समुद्रकाठच्या गावच्या, मिसेस बूथ, दोनदा विधवा झालेल्या, पूर्वी ह्याची घरमालकीण. शेजारपाजारचे ह्याला ‘ॲडमिरल बूथ’ म्हणायचे! आरमारातला निवृत्त अधिकारीच समजून चालले होते. १८५१ मध्ये त्याच घरात गेला. आता सांगा, समुद्राची इतकी हौस, की पदवीसुद्धा दर्यावर्दीची लावून घेतली.

१८४२ मध्ये ह्यानं एक चित्र मांडलं. बंदराच्या तोंडाशी बर्फाच्या वादळात सापडलेली आगबोट. बोट कुठाय विचाराल तर शोधावी लागते. मधोमध एक काळा ठिपका, एक काडीएवढी डोलकाठी, आणि भोवती पाणी, धूर, बर्फ, उजेड असं सगळं गरगरा फिरतंय. जावेनं ते अत्तेंपुढे धरलं. अत्ते म्हणाल्या, “कुणीतरी दात घासून थुंकलंय.” मी हसले, पण जाऊ गंभीर झाली. म्हणाली, त्या वेळच्या लंडनमध्येही हेच झालं होतं. साबणाचा फेस आणि चुना, अशी एकानं संभावना केली आणि म्हातारा फार दुखावला. ह्यांना समुद्र असतो तरी कसा वाटतो, असं तो पुटपुटत राहिला म्हणे. चुन्याऐवजी आमच्याकडे दंतमंजन, एवढाच फरक. समीक्षेची परंपरा जुनी आहे.

आणि ह्या पठ्ठ्यानं काय सांगावं? की हे वादळ मी स्वतः पाहिलं, खलाशांकडून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं आणि चार तास तसाच होतो! वय सदुसष्ट. माझे सासरे त्या वयात गच्चीचा जिना चढताना दोनदा टेकायचे. जाणकारांनी पुढे शोध घेतला तर त्या हकिगतीचा मेळच बसेना. थोडक्यात, थाप. पण चित्र खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर आषाढात उभं राहिलं की क्षितिज नाहीसं होतं आणि पाणी कुठे संपलं, आभाळ कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. ते अगदी असंच, थुंकल्यासारखं दिसतं.

ह्याच टर्नरचा आणखी एक किस्सा ऐका, मग पुढे जाऊ. १८३२ चं प्रदर्शन. शेजारी शेजारी दोन चित्रं. एक कॉन्स्टेबलचं, वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं, लाल-सोनेरी रंगांनी लखलखणारं, दहा-बारा वर्षं घोटून केलेलं. दुसरं टर्नरचं, साधा राखाडी समुद्र. उद्घाटनाआधी अखेरचा हात फिरवायची मुभा असे. टर्नर आला, दोन्ही चित्रं बघितली आणि आपल्या समुद्रात रुपयाएवढा लाल ठिपका टेकवून चालता झाला. सगळ्यांच्या नजरा त्या ठिपक्याकडे! कॉन्स्टेबलचा एवढा दागदागिना फिका पडला. नंतर येऊन त्यानं त्या ठिपक्याला आकार देऊन पाण्यातला तरंगता बोया करून टाकला. भरल्या मांडवात दुसरीच्या पैठणीशेजारी साधं पांढरं लुगडं नेसून यायचं आणि वर एकच लालभडक कुंकू लावायचं. बायकांना हे शिकवावं लागत नाही.

फ्रेंच मंडळी तर विचारूच नका. जेरिको नावाचा तरुण, मामाच्या तरुण बायकोशी ह्याचं जुळलेलं, तिला मूल झालेलं, घरात गहजब. ह्यानं डोक्याचे केस भादरले, स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि चित्र काढत बसला. कसलं? तर १८१६ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ‘मेदुसा’ हे सरकारी जहाज रुतलं. कप्तान वशिल्याचा, वीसेक वर्षांत जहाजावर पाय न ठेवलेला. होड्या पुरेनात, म्हणून फळ्यांचा तराफा बांधून त्यावर जवळजवळ दीडशे माणसं चढवली आणि दोर सोडून दिला. तेरा दिवसांनी सापडली तेव्हा पंधरा जिवंत. मधल्या दिवसांत त्यांनी काय खाल्लं ते मी लिहीत नाही. जेरिकोनं वाचलेल्यांना गाठून हकिगती ऐकल्या, इस्पितळातून प्रेतांचे तुकडे आणून खोलीत ठेवले, वासाकडे बघितलं नाही. चित्र झालं सोळा फूट उंच, साडेतेवीस फूट रुंद. म्हणजे आमचं स्वयंपाकघर आणि मोरी धरून. १८१९ मध्ये पॅरिसात मांडलं तेव्हा सरकार शरमेनं लाल. पुढल्या वर्षी लंडनला नेलं, तर तिकीट काढून चाळीसेक हजार माणसं बघायला! इतरांच्या मरणाला तिकीट, आणि बघणारे सगळे घरी जाऊन जेवले.

लंडनवाल्यांना ही चटक आधीपासूनच होती. १७८१ मध्ये लूथरबूर्ग नावाच्या चित्रकारानं तिथे एक छोटं यांत्रिक नाट्यगृह काढलं होतं. त्यात दिवे, पडदे, हलत्या लाटा, बुडणारं जहाज, आणि मागे तांब्याचा पातळ पत्रा हलवून गडगडाट. हे वाचून मला आमच्या दशावताराच्या रात्री आठवल्या. तिथे राक्षसाची एंट्री नुसत्या चक्कीवर आणि मृदुंगावर व्हायची, तरी आम्ही आईच्या पदरात तोंड लपवायचो.

जावेच्या भिंतीवरच्या लाटेचा बाप आणखी वेगळा. आयवाझोव्स्की, काळ्या समुद्रावरच्या फिओदोसियाचा. हे चित्र १८५० चं, नाव ‘नववी लाट’. खलाशांची समजूत अशी की लाटा चढत जातात आणि नववी सगळ्यांत मोठी. ह्या बाबानं आयुष्यात सहाएक हजार चित्रं काढली, बहुतेक सगळी समुद्राची, आणि तीही खोलीत बसून, आठवणीतून. समोर बसून लाट काढताच येत नाही असं त्याचं मत होतं. ती थांबते कुठे? हे मात्र मला पटलं. उतू जाणाऱ्या दुधाचं चित्र कुणी समोर बसून काढलंय का?

एवढं परदेशी ऐकल्यावर माझा वेंगुर्ल्याचा अभिमान जागा झाला. म्हटलं, आपल्याकडे काय नाही काय? चल म्हैसूरला. जगनमोहन पॅलेसच्या चित्रसंग्रहालयात दोघी गेलो. तिथे राजा रविवर्म्यांचं चित्र आहे, रामानं समुद्राला नमवल्याचं. म्हैसूरच्या महाराजांसाठी त्यांनी अखेरच्या वर्षांत पौराणिक चित्रांचा जो संच केला त्यातलं. १९०५ च्या सुरुवातीला त्यांचा धाकटा भाऊ गेला. राजराज वर्मा, सोबत राहून काम करणारा, निसर्गदृश्यं काढण्यात मोठा वाकबगार. पुढल्याच वर्षी ऑक्टोबरात रविवर्मा स्वतः गेले. ह्या दोहोंच्या मधलं ते चित्र.

काय आहे त्यात? राम तीन दिवस दर्भावर पडून वाट मागतो, समुद्र दाद देत नाही, मग राम धनुष्य उचलतो. तो क्षण. खडकावर उभा राम, वाऱ्यानं फडफडणारं वस्त्र, खाली फुटणाऱ्या लाटा. खडकावरचा एकटा माणूस आणि पुढे खवळलेलं पाणी, म्हणजे थेट फ्रीडरिश! पण पुढे गंमत आहे. फ्रीडरिशनं ‘समुद्रकाठचा साधू’ काढला, त्यात आधी काढलेली जहाजंसुद्धा पुसून टाकली. उरला एक चिमुकला माणूस आणि न बोलणारं, न बधणारं पाणी. ते बघून क्लाइस्ट नावाच्या लेखकाला पापण्या कापून टाकल्यासारखं वाटलं होतं. आमच्या इथे वरुणराजा बायकांना घेऊन पाण्यातून वर येतो आणि चक्क हात जोडतो. दागिन्यांसकट! त्यांचा समुद्र माणसाला विचारत नाही. आमच्या समुद्राचा अहंकार दुखावतो, तो ऐकतो, तडजोड करतो, पूल बांधायला मदत करतो. त्याच्याशी भांडता येतं, म्हणून त्याला नारळ देता येतो. जाऊ म्हणाली, “ताई, ह्यात भीती कमी वाटते.” वाटणारच. ओळखीच्या माणसाची कुठे एवढी भीती वाटते?

पण बघायला होतं कोण त्या चित्रापुढे? आम्ही दोघी आणि एक झोपलेलं बाळ. सगळी गर्दी पलीकडे, हातात समई घेतलेल्या बाईपुढे. अंधाऱ्या जागेत ठेवलेलं चित्र, ज्योतीचा उजेड बोटांमधून झिरपून चेहऱ्यावर. शेजारचे एक सद्गृहस्थ बायकोला ठासून सांगत होते, “रविवर्मा, रविवर्मा!” मला राहवेना. म्हटलं, अहो, हे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आमच्या सावंतवाडीच्या! जलरंगातलं, १९४५-४६ चं. समोर उभी ती त्यांची मुलगी गीता, पुढे कोल्हापूरच्या गीता उपळेकर, शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या. रविवर्मा तोवर जाऊन चाळीस वर्षं झालेली. गृहस्थांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच चित्र चोरलंय. जाऊ मला ओढत बाहेर घेऊन आली. वादळापेक्षा माझीच तिला जास्त लाज वाटली.

हे सगळं जूनमधलं. मग पाऊस लागला.

आमची कपिला, नकाशावर कबिनी, वायनाडच्या डोंगरातून येते. अरबी समुद्रावरचे ढग तिथे अडतात, कोसळतात, हेग्गडदेवनकोटेचं धरण भरतं, दारं उघडतात आणि तेच पाणी आमच्या देवळाच्या घाटाला लागतं. पुढे नरसीपूरला कावेरीत, आणि कावेरीबरोबर पूर्वेच्या समुद्रात. म्हणजे समुद्राशी आमचा संबंध नाही असं मी वर म्हटलं, ते तितकंसं खरं नाही. तो दरवर्षी एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूनं घरी जातो. २०१९ च्या ऑगस्टात तर म्हैसूरचा रस्ताच पाण्याखाली गेला होता.

ह्या खेपेलाही स्नानघाट गेला, पायऱ्या गेल्या, सोळा खांबी मंडपाला पाणी लागलं. रिक्षावरच्या भोंग्यातून सूचना फिरू लागल्या आणि सगळं गाव पुलावर! १७३५ च्या सुमाराचा, दळवाय देवराजांच्या काळातला जुना दगडी पूल पलीकडे पाण्यात पाय रोवून उभा, आणि इकडच्या पुलावर आम्ही मोबाइल घेऊन. काय तो थाट! शिकवणीचे सर कठड्याशी, एक पाय पुढे, छत्री काठीसारखी टेकलेली, पाठ आमच्याकडे. मागून विद्यार्थी फोटो काढतोय. समोरच्यांची मुलगी तशीच. आणि आमची जाऊ? केस मोकळे सोडून, पाठमोरी, वाऱ्याची वाट बघत. भुट्टेवाला धंदा करत होता. एडमंड बर्क म्हणून एक अठ्ठाविशीतला आयरिश १७५७ मध्ये लिहून गेलाय की भयंकर गोष्ट अंगावर आली तर नुसती भीती, पण जरा लांब असली की त्याच भीतीतून आनंद मिळतो. मराठीत ह्याला उदात्त म्हणतात. मला तो शब्द फार धुतलेला, परीटघडीचा वाटतो, त्यातून भीतीच निघून जाते. अत्तेंचा ‘भेसूर’ जास्त बरा. त्या पुलावर मात्र भेसूर काही नव्हतं. भाजलेल्या कणसाचा वास होता आणि लिंबू-तिखट लावून ते कणीस फार छान लागत होतं. मीही खाल्लं, का खोटं बोलू?

तेवढ्यात खालच्या गल्लीतून एक बाई वर आली. एका हातात पोराचं दप्तर, काखेत चादरीत गुंडाळलेला मिक्सर, वायर बाहेर लोंबत होती. मागे नवरा, डोक्यावर गादी. सरकारी निवाऱ्याकडे निघाले होते. पुलावरची आम्ही दीड-दोनशे माणसं नदीकडे तोंड करून उभी, आणि ती एकटी नदीकडे पाठ करून आमच्या बाजूला तोंड करून चाललेली. तिनं पाण्याकडे वळूनही बघितलं नाही. लोंबणारी वायर पायात येत होती ती जावेनं उचलून तिच्या काखेत खोचली. ती कानडीत “सोडा, राहू दे” म्हणाली आणि गेली.

परतताना जाऊ केसांना रबर लावत म्हणाली, “ताई, ते चित्र काढू का?” मी म्हटलं, तुझं घर, तुझी भिंत. खरं तर मला त्या लाटेची सवय झाली होती. रात्री पाणी प्यायला उठले की अंधारात ती दिसते आणि क्षणभर वेंगुर्ल्याची गाज पाठीला लागते.

घरी आलो तर अत्ते स्टुलावर चढलेल्या! हातात हातोडी, तोंडात खिळा. देवघरातली नंजुंडेश्वराची जुनी तसबीर, निळ्या गळ्याची, चौकटीला वाळवीचा जरा प्रसाद लागलेली, त्यांनी ‘नवव्या लाटे’च्या अगदी शेजारी ठोकली होती. थोडी वाकडी. चित्र मात्र जागच्या जागी. पूर ओसरला, मंडपाचे खांब एकेक करून वर आले, सर पुन्हा उटीला गेले, म्हणजे डीपीवर. आमच्या हॉलमध्ये ती जोडी अजून तशीच आहे. परवा एक पाहुण्या बाई सोफ्यावर टेकल्या, वर बघून दचकल्या आणि कप बशीवर खडखडला.

“बसा हो निवांत,” अत्ते म्हणाल्या, “तो आहे ना शेजारी. लाट पुढे आली की पिऊन टाकील.”